घाईतलं गाणं

खराब चित्र पाहिलं की माझं डोकं सणकतं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फुटायला नको. कुणाच्या घरी गेलो आणि टीव्हीवर माणसं ताणलेली, चपटी दिसली, तर मी चहा बाजूला ठेवून आधी सेटिंग उघडतो. माझी बायको रश्मी म्हणते, तुम्ही माणसांच्या तोंडाकडे कमी आणि त्यांच्या टीव्हीकडे जास्त बघता. बरोबर बोलते.

अमरावतीत माझं दुकान आहे. पाटीवर नुसतं ‘अनुप इलेक्ट्रॉनिक्स’ लिहिलंय, पण मिक्सर नाहीतर इस्त्री घेऊन कुणी आलं तर मी त्याला शेजारच्या दुकानाचा रस्ता दाखवतो. मी फक्त जुने व्हिडिओ गेम करतो. आमच्या लहानपणी ते अँटेनाच्या वायरने टीव्हीला जोडायचे. चित्रात सतत मुंग्या, लाल रंग शेजारच्या रंगात पसरलेला, आणि तरी आम्ही खूष. तीच मशीन आजच्या मोठ्या सपाट टीव्हीला लावली तर एक तर चित्र येतच नाही, नाहीतर शाईवर पाणी सांडल्यासारखं येतं. मी मशीन उघडतो, आत चित्र जिथे तयार होतं तिथेच त्याला धरतो, आणि एक छोटं सर्किट बसवून सरळ एचडीएमआयने बाहेर काढतो. एकेक ठिपका मोजून घ्यावा इतकं स्वच्छ. पुण्या-बंगळुरूचे लोक कुरिअरने मशिनी पाठवतात, माझ्या सोल्डरच्या टाक्यांचे फोटो शौकिनांच्या ग्रुपवर फिरतात. मला त्याचा माज होता. नव्हता असं म्हणण्यात अर्थ नाही.

डोमाजी वानखडे गेल्या दिवाळीनंतर आले. अकोल्याच्या जुन्या शहरातून एसटीने, मांडीवर खोकं धरून. सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, बोलणं हळू. वीज मंडळात लाइनमन होते. उजव्या हाताची तीन बोटं अर्ध्यातून गेलेली. त्याबद्दल मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं की खांबावर गेली.

“जयभीम. अनुप भाऊ तुमीच का?”

“जयभीम काकाजी. बसा. काय आणलं?”

“पोरीची मशीन हाये. आमचा टीव्ही मरून राहिला. पोरानं पुण्याहून नवा पाठवला, तं त्याले हे लागतच नाई.”

खोक्यात मला वाटलं तेच निघालं. नव्वदच्या दशकात गावोगाव विकली गेलेली, जपानी मशीनची तैवानी नक्कल. वर एकच कॅसेट खोचलेली, तिच्यावरचं चित्र बोटांनी पुसून गेलेलं. मशीन इतकी निगुतीने ठेवलेली की मी दोन मिनिटं नुसती हातात धरून पाहिली.

“पोरगी कितवीत आहे?” मी विचारलं.

“सदतीस वर्षाची हाये.”

मी हसलो. डोमाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. लोक इथे हसतात हे त्यांना ठाऊक असावं. मग त्यांनी सांगितलं. वर्षाली त्यांची धाकटी. बारावीच्या वर्षी मेंदूज्वर झाला. वीस दिवस दवाखान्यात होती, परत आली ती बोलणं तिकडेच ठेवून. तेव्हापासून अंघोळ आई घालते, वेणी नको म्हणून केस कापलेले, कुणी हाक मारली तर कधी बघते, कधी नाही. पण भावाची ही मशीन तिने एक दिवस आपणहून ओढून घेतली आणि रिमोट हातात धरला. कंट्रोलरला आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणतात. तेव्हापासून रोज दुपारी ती एकच गेम खेळते. छत्री घेतलेला एक बुटका माणूस, त्याला सात पूल ओलांडायचे, सातव्या पुलापलीकडे त्याचं घर. घरी पोचला की गाणं वाजतं.

“गाणं वाजलं की थे उठते,” डोमाजी म्हणाले. “मोरीत जाऊन हात धुते अन् जेवाले बसते. आपल्या हातानं. गाणं नाई वाजलं तं जेवत नाई. लाइट गेली तं लाइट येईपर्यंत तशीच बसते. मी नोकरीत होतो तवा कुठीही फॉल्ट असो, आमच्या गल्लीची लाइन मी आंधी पाहत होतो.”

“मग आता टीव्हीचं काय झालं?”

“काहीच दिसत नाई त्यात. नुसत्या सावल्या. कितीक वर्ष झाले. तिच्या डोळ्याले तरास होत असन ना जी. नवा टीव्ही आला तं म्हटलं पोरीले चांगलं दिसू द्या.”

त्यांना मशीन दुसऱ्या दिवशी परत हवी होती. एक दिवस पोरगी दुधावर काढेल, त्याहून जास्त नाही. मुक्काम नातेवाइकाकडे करणार होते. निघताना दारातून मागे फिरले.

“भाऊ, चित्राचं तेवढं करा. बाकी काही बदलू नका.”

“काही काळजी नका करू काकाजी,” मी म्हणालो.

आता मी काय केलं ते नीट सांगतो, कारण ते न कळता पुढचं कळणार नाही. जपानमधली मूळ मशीन सेकंदाला साठ चित्रं काढते. आपल्याकडचे टीव्ही तेव्हा पन्नासवर चालायचे, म्हणून आपल्याकडे विकलेल्या नकला पन्नास काढायच्या. म्हणजे सगळा खेळच थोडा संथ, माणूस संथ पळायचा, गाणं संथ वाजायचं. आम्ही सगळे तो संथ खेळ खेळत मोठे झालो आणि कुणाला कळलंही नाही. मला मात्र कळल्यापासून ते सहन होत नाही. माझ्याकडचं सर्किटही साठवालंच होतं. ते बसवायचं तर मशीनच्या दोन मोठ्या चिपा काढून त्या जागी जपानी बसवाव्या लागणार होत्या.

दुसरा मार्ग होता. साधी एव्हीची, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या पिनांची, वायर काढून द्यायची. अर्ध्या तासाचं काम. नव्या टीव्हीला मागे एव्हीची जागा असतेच. मशीनमधलं काहीही बदललं नसतं. पण त्यात चित्र जरा मऊ येतं, आणि मऊ चित्र माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. मी गरम हवेने दोन्ही चिपा उपटल्या. एकीचे चार पाय तुटले. तुटले तर तुटले म्हणून दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, दुसऱ्या दिवशी कचरागाडी आली आणि घेऊन गेली.

डोमाजी आले तेव्हा मी दुकानातला मोठा टीव्ही लावून ठेवला होता. छत्रीवाला चालू लागला. डोमाजी उभेच राहिले. अर्ध्या बोटांचा हात त्यांनी पडद्याजवळ नेला, पण लावला नाही.

“छत्री हिरवी हाये का?” ते म्हणाले. “आमाले काळी वाटे.”

“हिरवी आहे. आणि ते पाण्यात मासे आहेत, बघा.”

“मासे हायेत?” त्यांचे डोळे भरून आले. “पोरीनं हे पाहिलंच नाई कधी.”

मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. त्यांच्या हातात खोकं देताना मी आणखी एक शहाणपणा केला. “काकाजी, थो जुना टीव्ही देऊन टाका आता भंगारात. जागा अडवते नुसता.” त्यांनी मान डोलावली. माझं म्हणणं त्यांनी त्याच संध्याकाळी ऐकलं. भंगारवाल्याने गल्लीतच टीव्हीच्या काचेच्या नळीची मान मोडून तांबं काढून घेतलं, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज.

“भाऊ, मी वर्षालीची आई बोलून राहिली. मनकर्णा. गाणं घाईत हाये.”

“काय?”

“गाणं. घाईत वाजून राहिलं. अन् थो छत्रीवाला पळूनच राहिला. पोरगी तिसऱ्या पुलावर पडते. दोन दिवस झाले, तिच्या पुढं जातच नाई.”

लिहिताना लाज वाटते, पण मी खूष झालो. पुण्याच्या गिऱ्हाइकांना जे तुलना करून दाखवावं लागतं, ते या बाईने चुलीपाशी बसून पकडलं होतं.

“काकू, उलट आता बरोबर झालं थे. आंधी हळू होतं. जपानात असंच हाये.”

“जपानात असन,” मनकर्णाकाकू म्हणाल्या. “आमच्या घरी असं नोतं.”

“चार दिवसात सवय होईन तिले.”

त्यांनी फोन तसाच बाजूला ठेवला. फोन कसा बंद करायचा ते त्यांना ठाऊक नसावं, कारण बराच वेळ मला त्यांच्या घरातलं गाणं ऐकू येत राहिलं. पहिल्या पुलाचं, दुसऱ्या पुलाचं, मग पडल्याचा आवाज. मग पुन्हा पहिल्या पुलाचं. मीच फोन ठेवला.

पाचव्या दिवशी डोमाजींचा फोन आला. पोरगी जेवत नव्हती. आई चमच्याने दूध घालायची, त्यातलं अर्धं ओठांवरून खाली यायचं. दुपारी दोनला बसायची ती झोप लागेपर्यंत रिमोट सोडायची नाही. ओरडत नव्हती, फेकाफेक करत नव्हती. पडायची, परत सुरुवात करायची. अंगठ्याला फोड येऊन फुटला होता.

“टीव्हीत एक गेम मोड असते काकाजी,” मी म्हणालो. “थो चालू करा. नवीन टीव्ही जरा उशिरा दाखवते.”

हे खोटं नव्हतं. पण कारण ते नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. डोमाजींनी शेजारच्या कुणाला बोलावून तो मोड शोधला, लावला, मला परत फोन करून सांगितलं की लागला. आभारही मानले. मी दुसऱ्या मशीनवर टाके घालत बसलो.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, स्पीकर लावलेला. घरी येऊन डॉक्टर सलाईन लावून गेले होते. रश्मीने सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “त्यांनी तुमाले काय बदलाले सांगतलं होतं?”

“चित्र.”

“अन् काय बदलू नका म्हटलं होतं?”

तिने माझं ताट उचललं आणि म्हणाली, “मंग जा ना.”

जुन्या शहरात मोर्णा नदीच्या अलीकडे-पलीकडे मी दोनदा चुकलो. शेवटी डोमाजीच गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याच भिंतीवर पुण्याहून आलेला टीव्ही. चित्र इतकं सुंदर की मीच लावलेलं असूनही मी त्याच्याकडे आधी बघितलं. त्यानंतर खाली बसलेल्या वर्षालीकडे.

हडकुळी बाई. हो, बाईच. पोरगी-पोरगी ऐकून माझ्या डोक्यात लहान कुणीतरी बसलं होतं. कापलेले केस कानाशी पांढरे व्हायला लागलेले. डाव्या मनगटावर सलाईनची पट्टी, अंगठ्यावर चिंधी बांधलेली. ती खेळत होती आणि टीव्हीकडे बघत नव्हती. तिची नजर पलंगाच्या पायाशी, फरशीवर होती. मान हलकी हलत होती, ठेक्यावर. बोटं त्या मानेच्या हिशेबाने चालत होती.

तिसऱ्या पुलावर फळ्या खाली पडायला लागतात. फळी पडायच्या आत उडी मारावी लागते. वर्षालीच्या मानेने ठेका घेतला, अंगठा दाबला गेला, पण छत्रीवाला तोवर फळीच्या पुढे निघून गेलेला. पाण्यात पडला. ती परत पहिल्या पुलावर आली. मी दहा-बारा वेळा बघितलं. दर वेळी ती नेमकी तिथेच, तेवढीच मागे राहायची. पूर्वीच्या वेगात तीच उडी अचूक पडली असती.

“थे टीव्हीकडे पायतच नाई,” मनकर्णाकाकू माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या. ठेंगण्या, डोक्यावर पदर, हाताला पीठ. “पाच-सहा वर्ष झाले. त्यात दिसेच काय? थे ऐकूनच खेयते. मी सांगतलं होतं याईले, पण याईले वाटे पोरीचे डोये जातीन.” त्यांनी डोमाजींकडे बोट केलं.

मी भिंतीला टेकलो. या बाईला चित्र लागतच नव्हतं. तिला हिरवी छत्री नको होती, मासे नको होते. अठरा-एकोणीस वर्षं तिने तो ठेका अंगात मुरवला होता, आणि मी तिला चित्र देऊन ठेका काढून घेतला होता. काकूंनी ते तिसऱ्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी त्यांना जपान सांगितलं.

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. डोमाजी पाण्याचा पेला घेऊन समोर उभे होते. “एक पार्ट बदलावा लागेल, काकाजी,” मी म्हणालो. “आणतो मी.”

“आणा जी. तुमी हाये म्हणून धीर हाये,” ते म्हणाले.

पार्ट म्हणजे त्या चिपा, आणि त्या मिळत नाहीत. मिळतात त्या नव्या मशिनी. त्यांच्या आत सगळं एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली पुरलेलं असतं आणि प्रत्येकीचा वेग वेगळा. मी सात आणून पाहिल्या. ग्रुपवर विचारलं, बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत टीव्हीची जुनी दुकानं पालथी घातली. ज्या लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत होतो की पन्नासची मशीन ठेवू नका, साठची करून घ्या, त्यांनाच आता विनवत होतो. त्यातल्या पाच जणांनी सांगितलं की त्यांच्या तर मीच बदलून दिल्या होत्या. शेवटी नांदगाव खंडेश्वरला खुशालराव भेटले. पूर्वी बसस्टँडजवळ त्यांचं गेमचं दुकान होतं. माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तीच मशीन निघाली, आणि एक चौदा इंची जुना टीव्हीही. मी तिथेच घड्याळ लावून गाणं मोजलं. पन्नास. आता कुठलीच जोखीम नको म्हणून टीव्हीसकट सगळं भाड्याच्या गाडीत घातलं आणि तसाच अकोल्याला गेलो. वर्षालीच्या हातात घाईतली मशीन पडून सतरा दिवस झाले होते.

मी वायरी जोडल्या, तिची कॅसेट लावली. जुना पडदा हळूहळू उजळला. गाणं सुरू झालं आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पोळी लाटायचं लाटणं हातात तसंच होतं.

“हां,” त्या म्हणाल्या. “हेच.”

वर्षालीने मान वर केली. गेल्या वेळी मी तासभर होतो, तेव्हा तिने एकदाही मान वर केली नव्हती. डोमाजींनी तिला मागून धरून बसवलं, कारण तिला आता आधाराशिवाय बसवत नव्हतं, आणि रिमोट तिच्या हातात दिला. तिचं डोकं हलायला लागलं. पहिला पूल झाला. दुसरा झाला. मी मनातल्या मनात मोजत होतो.

तिसऱ्या पुलावर तिने उडी मारली आणि छत्रीवाला फळीच्या अलीकडेच पाण्यात पडला. लवकर मारली होती.

परत मारली, परत लवकर. तिसऱ्यांदाही. तेव्हा मला उमगलं. सतरा दिवस ती नुसती पडत नव्हती. शिकत होती. फुटलेल्या अंगठ्याने, उपाशीपोटी, दिवसाला शंभर वेळा पडून ती तो घाईतला ठेका हळूहळू अंगात घेत होती. अर्ध्यापर्यंत आली होती. मी म्हटल्याप्रमाणे सवय होत होती, फक्त चार दिवसांत नाही. आणखी आठ-दहा दिवसांत कदाचित तिने पूल ओलांडला असता. आता जुना ठेका अंगातून सुटला होता आणि नवा मी पुन्हा काढून नेला होता.

चौथ्यांदा ती खेळली नाही. तिने रिमोट फरशीवर ठेवला. आपटला नाही, आपण भांडं ठेवतो तसा नीट ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि खांदा टेकून भिंतीकडे तोंड करून बसली. डोमाजींनी रिमोट परत हातात दिला. तिने परत ठेवला.

“थकली असन,” डोमाजी म्हणाले.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. मोबाइलवर मुलाने पूर्वी भरून ठेवलेलं शेवटचं गाणं वाजवून बघायचा उपाय दोघांनी आधीच करून पाहिला होता. वर्षालीने फोन ढकलला होता. त्या माझ्याकडे वळल्या. “तुमी खेया भाऊ. याईची बोटं नाई, माह्याच्यानं थे होत नाई. तुमी शेवटपावतर न्या. गाणं वाजू द्या.”

मी रिमोट घेतला. चिंधीच्या औषधाचा वास त्याला लागला होता. आणि मला खेळता येईना. वीस वर्षं मी साठवरच खेळतोय. माझा अंगठाही लवकर दाबला जायचा. ज्याच्या टाक्यांचे फोटो ग्रुपवर फिरतात तो माणूस तिसऱ्या पुलावरून पडत राहिला. अडीचला बसलो होतो. मनकर्णाकाकू मागून सांगायच्या, “थांबा जरा. आता. नाई, अजून थांबा.” त्यांनी एकदाही न खेळलेला खेळ त्यांना कानाने पाठ होता. त्यांच्या ‘आता’वर मी उड्या मारायला लागलो तेव्हा पूल सुटत गेले. पाच वाजत आले होते तेव्हा छत्रीवाला घरी पोचला आणि गाणं वाजलं.

वर्षाली उठली नाही. मोरीकडे गेली नाही. तशीच भिंतीकडे तोंड करून बसली. काकूंनी वरण-भात कालवून घास तिच्या ओठाशी नेला आणि तिने तोंड उघडलं. गिळला. परत उघडलं. अकरा घास खाल्ले, आईच्या हातून. डोमाजी एकेक घास बघत होते आणि संपल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

ते हात मला बघवेनात. मी त्यांना बाहेर ओट्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. पार्ट खराब नव्हता. मशीनला काहीच झालं नव्हतं. साधी वायर काढून भागलं असतं. मशीन पन्नासची होती, मी ती साठची केली, कारण मला पन्नास आवडत नाही. कदाचित आता तिला दोन्ही येणार नाहीत.

त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडची वीजही सेकंदाला पन्नासच फेऱ्या घेते; पस्तीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस, पन्नास म्हणजे काय ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी समोरच्या विजेच्या खांबाकडे बघितलं.

“पन्नासच्या मोटरीले साठ देल्ले तं मोटर जळत नाई,” ते म्हणाले. “पळते. मांगं जे जोडलं असते थे तुटते. मले इचारलं असतं तं मी सांगतलं असतं.”

मी मान खाली घालून बसलो. शिव्या देतील, मशीन उचलून गल्लीत फेकतील, काहीतरी करतील असं वाटत होतं. केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चप्पल पायात सरकवली, ओट्यावरून उठले आणि ड्युटी ठरवताना विचारावं तसं विचारलं, “मंग उद्या कितीक वाजता येता?”

“एक वाजता,” मी म्हणालो.

तेव्हापासून जातो. दुकान आता संध्याकाळी उघडतं. पुण्याची, बंगळुरूची कामं मी परत पाठवली. सकाळी अमरावतीहून निघतो, एकला जुन्या शहरात पोचतो, दोनला बसतो. आता मला चाळीस मिनिटं लागतात आणि मी पडत नाही. मनकर्णाकाकू स्वतः शिकून बघतात, पण त्यांचे अंगठे सांध्यात धरलेत. दुसऱ्या पुलाच्या पुढे जात नाहीत. मी आजारी पडलो तर काय, यावर आम्ही कुणी बोलत नाही. एकदा बस बंद पडली आणि मला साडेचार झाले, तर डोमाजी गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभे होते.

वर्षाली घास घेते. अंगावर थोडं मांस आलंय, डॉक्टर बरं म्हणतात. आपल्या हाताने ती त्यानंतर जेवलेली नाही. सुरुवातीला काकू रोज रिमोट तिच्या मांडीवर ठेवायच्या, कधी या मशीनचा, कधी त्या घाईतल्या मशीनचा. ती तो खाली ठेवायची. मग काकूंनी ठेवणं सोडलं.

गेल्या महिन्यापासून मात्र एक नवीन सुरू झालंय. मी दारातून आत आलो की वर्षाली मान वर करते. मशीनकडे सरकते, रिमोटची गुंडाळलेली वायर सोडते आणि रिमोट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरते. काकूंना त्याचा फार आनंद झाला. “तुमाले ओळखलं पोरीनं,” असं त्या गल्लीत सगळ्यांना सांगतात. मला दिसतं ते एवढंच, की तिचा खेळ आता माझा झालाय. तिच्या हातातून तो घेतो आणि खेळायला बसतो.